नाशिकहून गाडीनं हैदराबादच्या थीम पार्कला: सगळं कुटुंब घेऊन जाताना

लांबच्या प्रवासाचा बेत बहुतेक घरांत निघण्याच्या वेळेपासून आखला जातो. पहाटे किती वाजता निघायचं, जेवायला कुठं थांबायचं, रात्री पोहोचू का, वगैरे. मुलांना थीम पार्कला न्यायचं असेल तर आधी पार्कचा दिवस ठरवा आणि तिथून मागं मोजत या. त्या सकाळी मुलं झोप पूर्ण झालेली, पोट ठीक असलेली आणि तरतरीत असली पाहिजेत. आजी-आजोबांचे पाय सुजलेले नकोत आणि गाडी चालवणाऱ्याला आदल्या दिवशी किमान अर्धा दिवस आराम मिळालेला हवा. सगळं नियोजन याच्यासाठी करायचं. गेटवर पोहोचेपर्यंत घरदार थकून गेलं, तर महागातलं तिकीट वाया जातं आणि मुलांचा हिरमोड होतो.

हैदराबादच का? नाशिककरांना खोपोलीचं इमॅजिका थीम पार्क जवळ आहे, साधारण दोनशे किलोमीटरवर. एका मुक्कामात होतं आणि चांगलंही आहे. पण आठवड्याभराची सुट्टी असेल, तर हैदराबादला दोन मोठी ठिकाणं एकाच बाजूला आहेत. रामोजी फिल्म सिटी विजयवाडा रस्त्यावर आहे आणि २०१६ मध्ये सुरू झालेलं वंडरला हे पाळण्यांचं आणि पाण्याच्या खेळांचं पार्क रावीर्यालला. दोन्ही शहराच्या आग्नेयेला आहेत, दोन्हींना आउटर रिंग रोडवरून जाता येतं. पाळण्यात बसायला आवडणारी मुलं आणि पाळण्याकडे बघूनच चक्कर येणारी आजी, दोघांचीही सोय एका सहलीत होते.

आणि इमॅजिका रंगीत तालीम म्हणून करा. कधी लांब गेला नसाल तर मोठ्या प्रवासाआधी महिना-दोन महिने खोपोलीची दोन दिवसांची फेरी मारा. कसारा घाटात कुणाला मळमळतं, कोण दर तासाला थांबायला सांगतं, कुठल्या सीटवर कोण भांडत नाही, हे सगळं त्यात कळतं.

तारीख ठरवताना

एप्रिल-मेमध्ये हैदराबाद तापतं. दुपारी पारा चाळीसच्या पुढं जातो आणि रामोजीत बरंच चालणं उघड्यावर असतं. उन्हाळ्याशिवाय सुट्टीच नसेल तर जूनचा पहिला आठवडा धरा, म्हणजे शाळा उघडायच्या आत. सगळ्यात छान दिवस नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. मात्र नाताळ ते एक जानेवारी आणि संक्रांतीचा आठवडा टाळा. संक्रांत हा तेलुगू घरांतला मोठा सण आहे, तेव्हा रस्ते आणि पार्क दोन्ही फुललेले असतात.

हिवाळ्यात एक गोष्ट मात्र डोक्यात ठेवूनच निघायचं. नगर (आता अहिल्यानगर) आणि सोलापूर जिल्ह्यांत तेव्हा साखर कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असतो. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, बैलगाड्यांच्या रांगा, रस्त्यावर सांडलेला ऊस. अनेक ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलानं माखलेला. राहुरीपासून टेंभुर्णीपर्यंतचा सगळा टप्पा या वाहतुकीचा आहे. म्हणून हा टप्पा फक्त उजेडात पार करायचा. यात तडजोड करू नका, मग पोहोचायला कितीही उशीर होवो.

ज्येष्ठ-आषाढात जात असाल तर आणखी एक. संत निवृत्तिनाथ महाराजांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघून सिन्नर, राहुरी, नगर, मिरजगाव, करमाळा अशी पंढरपूरला जाते. म्हणजे जवळपास आपलाच रस्ता. दिंडी भेटली तर मुलांना उतरवून दाखवा, पाया पडा, वारकऱ्यांना पाणी द्या. फक्त त्या दिवसाचं वेळापत्रक दोन-तीन तास सैल ठेवा. शिर्डीची गर्दी गुरुवारी आणि रामनवमीला जास्त असते. आणि २०२७ मध्ये सिंहस्थ आहे. पर्वकाळाच्या आसपास नाशिकमधून बाहेर पडणं आणि परत शिरणं दोन्ही अवघड होणार, त्या तारखा सोडूनच बेत करा.

पार्कसाठी मंगळवार ते गुरुवार यातले दिवस निवडा. शनिवार-रविवारच्या तुलनेत रांगेत जाणारा वेळ निम्म्यावर येतो असा माझा अंदाज आहे, आणि बऱ्याच वेळा तिकीटही स्वस्त पडतं.

सात दिवसांचा आराखडा

रविवारी नाशिक ते सोलापूर. सोमवारी सोलापूर ते हैदराबाद, दुपारी चारपर्यंत हॉटेलात. मंगळवारी वंडरला. बुधवारी उशिरा उठा आणि अर्धा दिवस शहर बघा. गुरुवारी रामोजी. शुक्रवारी परत सोलापूर किंवा तुळजापूर, शनिवारी घरी. रविवार मोकळा, कपडे धुवायला आणि मुलांच्या वह्या भरायला.

एका दिवसात हैदराबाद गाठता येतं, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. दोन ड्रायव्हर असतील आणि गाडीत सगळे तरुण असतील तर खुशाल करा. आउटर रिंग रोडचा फेरा धरून एका बाजूचं अंतर साडेसातशे ते आठशे किलोमीटर होतं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन ते एका दमात करणं म्हणजे पार्कचा पहिला दिवस घालवणं.

दोन पार्कच्या मध्ये एक मोकळा दिवस हवाच. दिवसभर पाण्यात खेळलेलं मूल दुसऱ्या दिवशी सकाळी उठत नाही.

रस्ता टप्प्याटप्प्यानं

नाशिकहून सहाच्या आत निघा. सिन्नर ते शिर्डी चौपदरी रस्ता आहे, शिर्डीपर्यंत गाडी सुरळीत जाते. पुढं राहाता, कोल्हार, राहुरी करत नगर. या नगर-मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल गेली अनेक वर्षं ओरड आहे आणि काम कधी चालू, कधी बंद असतं. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी त्या भागातल्या एखाद्या नातेवाइकाला किंवा ट्रॅव्हल्सवाल्याला फोन करा. मोबाइलवरचा नकाशा वाहनांची गर्दी सांगतो, खड्डे सांगत नाही. रस्ता फारच वाईट असल्याचं कळलं तर सिन्नर-संगमनेर-आळेफाटा करून टाकळी ढोकेश्वरमार्गे नगरला या. फेरा पडतो, पण कंबर वाचते. नगर शहरात शिरू नका, बाह्यवळण रस्ता धरा.

नगरनंतर मिरजगाव, करमाळा आणि टेंभुर्णी. करमाळ्याला कमलाभवानीचं देऊळ आहे. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना पाय मोकळे करायला याहून चांगली जागा नाही. टेंभुर्णीला पुणे-हैदराबाद महामार्ग लागतो, राष्ट्रीय महामार्ग ६५. इथून सोलापूर दीड तासावर. नाशिक ते सोलापूर अंतर चारशेच्या आसपास. थांबे धरून नऊ तास पकडा, म्हणजे तीन-साडेतीनला खोलीत.

संध्याकाळी सिद्धेश्वराचं तळ्यातलं देऊळ आणि रात्री शेंगा चटणी, कडक भाकरी. मुलांना तिखट झेपणार नाही, त्यांच्यासाठी दही आधी मागवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापूर सोडलं की तासाभरात नळदुर्ग येतं. किल्ला महामार्गाला लागूनच आहे. बोरी नदीवर धरण बांधून त्याच्या पोटात काढलेला पाणीमहाल इथं आहे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहच्या काळातला. पावसाळ्यात धरण भरलं की नर-मादी हे दोन धबधबे महालाच्या अंगावरून कोसळतात. हिवाळ्यात ते नसतात, तरी दीड तास मोकळा ठेवा. गाडीत दोन दिवस बसायचं असलेल्या मुलांना मधे असं कुठंतरी पळायला मिळालं की पुढचे तीन तास शांत जातात.

पुढं उमरगा आणि मग कर्नाटक. हुमनाबादला टाकी पूर्ण भरून घ्या, कारण गेली काही वर्षं तेलंगणात पेट्रोल कर्नाटकापेक्षा महाग आहे. माणिकप्रभूंचं माणिकनगर हुमनाबादलाच आहे, दत्तभक्तांच्या घरी हे ठाऊक असतंच. नंतर जहीराबाद, संगारेड्डी आणि पाटणचेरूजवळ आउटर रिंग रोड. हा १५८ किलोमीटरचा रस्ता शहराला पूर्ण वळसा घालतो. तिथून थेट शहरात घुसू नका, रिंग रोड धरून पेद्द अंबरपेठला उतरा. अंतर जास्त आहे, पण सिग्नल एकही नाही आणि नवख्या माणसाला चुकायला जागा नाही.

दुसरा मार्गही आहे: समृद्धी महामार्गानं जालना, तिथून नांदेड, निजामाबाद आणि हैदराबाद. नांदेडला सचखंड गुरुद्वारा बघायचा असेल तर येताना हा घ्या. समृद्धीवर मात्र सरळ, रिकाम्या रस्त्यानं डोळ्यावर झापड येते आणि तापलेले जुने टायर फुटतात. तासाभरानं थांबायचं, गरज नसली तरी.

मुक्काम कुठं करावा

पर्यटक चारमिनारजवळ किंवा हायटेक सिटीत खोली घेतात. पार्कसाठी आलेल्यांना दोन्ही गैरसोयीचं. एल. बी. नगर, वनस्थलीपुरम, हयातनगर हा पट्टा विजयवाडा रस्त्यावर आहे, इथून रामोजी सरळ रस्त्यावर आणि वंडरलाही जवळ. शिवाय एल. बी. नगरला मेट्रोच्या लाल मार्गिकेचं शेवटचं स्थानक आहे. मोकळ्या दिवशी गाडी हॉटेलातच ठेवा, मेट्रोनं एम. जी. बी. एस. (महात्मा गांधी बस स्थानक) पर्यंत जा आणि तिथून रिक्षानं चारमिनार किंवा सालारजंग संग्रहालय. जुन्या शहरात गाडी घालून पार्किंग शोधणं हा ताप विकत घेऊ नका. सालारजंग शुक्रवारी बंद असतं.

खोली घेताना तीन गोष्टी फोनवर विचारून घ्या: लिफ्ट आहे का, गाडी आवारात लागते का, आणि इंग्लिश कमोड आहे का. गुडघे दुखणाऱ्या माणसाला शेवटची गोष्ट पार्कपेक्षा महत्त्वाची असते. ती विचारायला लाजू नये.

गाडी आणि कागद

निघायच्या पंधरा दिवस आधी सर्व्हिसिंग करा, आदल्या दिवशी अजिबात नको. सर्व्हिसिंगनंतर काही सैल राहिलं असेल तर ते गावातल्या गावात कळलं पाहिजे. टायरची हवा गार असताना तपासा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं, पूर्ण भरलेल्या गाडीसाठी आकडा वेगळा असतो. टायरच्या कडेवर चार आकड्यांचा एक कोड असतो, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. ३२२१ म्हणजे २०२१ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली असेल तर टायर बदलायचाच. स्टेपनीत हवा आहे का आणि जॅक कसा लावायचा, हे घराच्या अंगणात एकदा करून बघा.

विमा, पीयूसी, आरसी आणि लायसन्स डिजिलॉकरमध्ये असू द्या, शिवाय झेरॉक्स डॅशबोर्डच्या कप्प्यात. गाडीची दुसरी चावी चालवणाऱ्याकडे नको, बरोबरच्या दुसऱ्या मोठ्या माणसाच्या खिशात हवी.

फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा. वर्षभरात असे प्रवास बरेच होत असतील तर वार्षिक पास बघा. १५ ऑगस्ट २०२५ पासून तो खासगी गाड्यांसाठी सुरू झाला, तेव्हा किंमत ३००० रुपये होती, आताची बघून घ्या. एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यातलं जे आधी संपेल ते. तो राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर चालतो. हैदराबादचा रिंग रोड राज्याचा आहे, तिथं नेहमीसारखे पैसे कापले जातात, म्हणून पास असला तरी शिल्लक ठेवा.

मागच्या सीटवरही पट्टा लावणं कायद्यानं बंधनकारक आहे. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तर १००० रुपये दंड आहे, पण दंडासाठी हे करू नका. मांडीवर घेतलेलं मूल अचानक ब्रेक लागल्यावर हातात राहत नाही. आजी कितीही म्हणाली, "माझ्याजवळ दे गं त्याला," तरी गाडी चालू असताना बाळ त्याच्या सीटमध्येच.

महामार्गावर अडचण आली तर १०३३, कुठंही आणीबाणीत ११२, रुग्णवाहिकेला १०८. हे तीन नंबर कागदावर लिहून समोर चिकटवा.

खर्चाचा हिशेब

जाऊन-येऊन आणि स्थानिक फिरणं धरून १७०० किलोमीटर पकडा. गाडी लिटरला १६ किलोमीटर देत असेल तर साधारण १०६ लिटर पेट्रोल. त्याला त्या आठवड्याच्या भावानं गुणा. मग टोल, सहा रात्रींच्या खोल्या, जेवण आणि तिकिटं. पार्कच्या आत खाणं बाहेरच्यापेक्षा महाग असतं आणि बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तो खर्च तिकिटाइतकाच गंभीरपणे धरा. लॉकर, भाड्याचे पोहण्याचे कपडे, फोटो हेही लागतं. एकूण रकमेच्या दहा टक्के वेगळे ठेवा.

वंडरलात मुलाचं तिकीट वयावर ठरत नाही, उंचीवर ठरतं. पाळण्यांनाही उंचीची अट असते आणि प्रत्येकाच्या दाराशी मापाची पट्टी लावलेली असते. म्हणून घरी मुलांना भिंतीशी उभं करून सेंटिमीटरमध्ये मोजा, पार्कच्या संकेतस्थळावर कुठल्या पाळण्यात बसता येईल ते बघा आणि मुलांना आधीच सांगून टाका. दोन भावंडांपैकी मोठ्याला प्रवेश आणि धाकट्याला नाही, हे गेटवर कळलं तर रडारड होते. घरी कळलं तर धाकटा स्वतःचे पाळणे निवडून ठेवतो.

गाडीत काय, कुठं

सामान भरण्याची एक पद्धत सांगते, ती पाळाच. मुक्कामाची एकच छोटी पिशवी करा. सोलापूरच्या रात्रीसाठी सगळ्यांचा एकेक कपड्याचा जोड, टूथब्रश, औषधं, चार्जर. ती डिकीत सगळ्यात शेवटी ठेवा म्हणजे आधी निघते. मोठ्या बॅगा हैदराबादपर्यंत उघडायच्याच नाहीत. पार्कची पिशवी वेगळी: नायलॉनचे पोहण्याचे कपडे (सुती कपड्यांत पाण्यात उतरू देत नाहीत), दुसऱ्या चपला, टॉवेल, ओले कपडे ठेवायला जाड प्लास्टिकची पिशवी, मोबाइलला पाणी न लागणारं पाकीट.

खाण्याचं पहिल्या दिवसापुरतं घरून घ्या. दुधातल्या दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, कोरडी शेंगदाण्याची चटणी, चिवडा, राजगिऱ्याचे लाडू, केळी. रस्सा, उसळ, चटपटीत पाकिटं नकोत. निघताना मुलांना पोटभर दूध पाजू नका. थोडं कोरडं खायला द्या. उलटी होणाऱ्या मुलाला खिडकीशी, समोर बघत बसवा. मोबाइल आणि पुस्तक दोन्ही बंद. आलेपाक किंवा लिंबाची फोड जवळ ठेवा. गोळी द्यायची असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून, प्रवासाआधी अर्धा-एक तास. जाड कागदी पिशव्या समोरच्या सीटच्या मागच्या खिशात.

दर दोन तासांनी थांबायचं, कुणी मागो वा न मागो. बायकांना आणि म्हाताऱ्यांना मागायला संकोच वाटतो आणि मग त्या पाणीच पीत नाहीत. मोठ्या पेट्रोल पंपांवर स्वच्छतागृह असतं. साबण आणि टिश्यू आपल्या हातात हवेत.

मोबाइल बंद म्हटल्यावर मुलं काय करणार? नंबरप्लेटचा खेळ या रस्त्यावर फार रंगतो. नाशिकची एमएच १५ सोडली की कोपरगावपासून १७ दिसू लागते, नगरला १६, करमाळ्याजवळ ४५, सोलापूरला १३, नळदुर्ग-उमरग्याला २५. मग एकदम केए ३८, ते बिदर. आणि पुढं टीएस आणि टीजी दोन्ही, कारण तेलंगणानं २०२४ मध्ये टीएस बदलून टीजी केलं. जुन्या गाड्यांवर एपीही सापडतं, त्याला दुप्पट गुण द्या. मुलांना वहीत तक्ता आखून द्या. जिल्हा बदलल्याचं ती तुमच्या आधी सांगतील.

पार्कच्या दिवशी

सकाळी हॉटेलात भरपेट नाश्ता आणि गेट उघडायच्या वेळी हजर. वंडरलात आधी कोरडे पाळणे, उन्हं चढल्यावर पाणी. दुपारी जेवणाच्या रांगा लागायच्या आधी, बारालाच जेवून घ्या. पोटात अन्न असताना गरगर फिरणाऱ्या पाळण्यात तासभर तरी बसवू नका. आजी-आजोबांना सकाळपासून आत ओढण्याचा आग्रह नको. त्यांना सावलीची बाकं दाखवा आणि दर दोन तासांनी सगळे तिथं जमतील असं ठरवा.

रामोजीचा बाज निराळा आहे. १९९६ मध्ये उभी राहिलेली ही जगातल्या सगळ्यात मोठ्या चित्रपटनगरींपैकी एक आहे, गिनीज बुकात तिची नोंद आहे. आपली गाडी बाहेर राहते आणि आत त्यांच्या बसनं सेट बघायला नेतात. बसायला मिळतं म्हणून वयस्क मंडळींना हा दिवस मानवतो. टोपी आणि पाण्याची बाटली मात्र प्रत्येकाची स्वतंत्र.

दोन्ही दिवशी हॉटेलातून निघताना मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला पूर्ण फोटो काढा. हरवलेल्या मुलाचं वर्णन सांगताना घाबरलेल्या आईला शर्टाचा रंग आठवत नाही, फोटो दाखवता येतो. मनगटावर पेनानं तुमचा मोबाइल नंबर लिहा. पाण्यानं जातो, म्हणून दंडावर दुसरा. आणि मुलाला शिकवा: चुकलास तर चालू नकोस, तिथंच उभा राहा, गणवेशातल्या माणसाला नंबर दाखव.

परतताना

रामोजीचा दिवस संपला की रात्रीच गाडी काढून सोलापूर गाठू, ही कल्पना थकलेल्या माणसाला नेहमी सुचते. तिला नकार द्या. झोपा, सकाळी निघा. येताना तुळजापूरला मुक्काम केलात तर भवानीमातेचं दर्शन पहाटे गर्दीच्या आत होतं. मंगळवार आणि शुक्रवार सोडून गेलात तर आणखी बरं. आमच्या आराखड्यात शुक्रवारी रात्री पोहोचून शनिवारी पहाटे दर्शन, असं बसतं. तिथून सोलापूर तासाभरावर, चादरी आणि शेंगा चटणी घ्यायची तर इथंच घ्या, जाताना नको, डिकीत जागा नसते. नाश्ता करून निघा आणि उसाचा टप्पा उजेडात संपवा. जानेवारीत असाल तर करमाळ्याच्या पुढं रस्त्याकडेला हुरड्याच्या पाट्या दिसतात. कोवळी ज्वारी, गूळ आणि चटणी. तिथं थांबायला वेळापत्रकात अर्धा तास आधीच धरून ठेवा.